खालचं कार्ड

मी बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा तुमचा स्क्रू ड्रायव्हर जास्त बोलतो. म्हणून मुद्द्याचं आधीच लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि तेवढंच राहून जाईल. चार वर्षांपूर्वी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं एक नेटवर्क कार्ड मी बंद केलं, आणि ते बंद आहे हे कुणाला सांगितलं नाही. त्यापायी एक माणूस बुडाला. त्याच्या बुडण्याचा दोष त्याच्या बायकोच्या दारात येऊन पडला, आणि तो मी तिथेच पडून राहू दिला.

गावाचं नाव घेत नाही. माणसांचीही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी तळा गावचा. आमच्या घरी भातशेती. बरीच वर्षं न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डच्या कॉम्प्युटर खोलीत काढली, कंत्राट संपलं तसा घरी आलो आणि मोटरसायकलवर बॅग अडकवून दुरुस्तीची कामं करायला लागलो. शाळा, पतसंस्था, दिवेआगरची राहण्या-जेवणाची घरं. वादळात तिकडच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यानंतर कोळीवाड्यांमधून होड्यांना पेट्या बसवायची टूम निघाली. होडीवर एक छोटी पेटी, तिला झाकणाखाली लाल बटण. सोसायटीच्या छपरावर अँटेना, आत भिंतीवर एक पांढरा डबा. होडी जिथे असेल ती जागा पेटी कळवत राहायची आणि डबा ती साठवून ठेवायचा. कॉम्प्युटर डब्यातून ती माहिती उचलून नकाशावर ठिपका दाखवायचा. कुणी लाल बटण दाबलं की ठिपका लाल व्हायचा आणि स्पीकरमधून भोंगा वाजायचा. ही सोय फक्त त्या सोसायटीपुरती होती. दुसरीकडे कुठेही ती माहिती जात नव्हती.

त्यासाठी कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं होती. मागच्या बाजूला एकाखाली एक दोन खाचा. वरच्या खाचेत इंटरनेटची वायर, खालच्या खाचेत डब्याची. वरचं कार्ड जगाचं आणि खालचं होड्यांचं, असं मी तिथल्या ताईला समजावलं होतं. ताई म्हणजे सोसायटीचं ऑफिस चालवणारी. त्याच कोळीवाड्यातली मुलगी, लग्न होऊन त्याच कोळीवाड्यात राहिलेली. कागद नीट लावणारी, फोन दुसऱ्या घंटेला उचलणारी.

जुलैच्या शेवटी तिचा फोन आला. नेट बंद. होड्यांच्या लायसन्सचे फॉर्म ऑनलाइन भरायचे होते आणि तो शेवटचा दिवस होता. मी पोचलो तेव्हा ओटीवर पंधरा-वीस माणसं कागद घेऊन उभी होती. चेअरमन खुर्चीत बसून पाय हलवत होते.

‘‘या इंजिनेर,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या होडीला इंजिन एक, ते चालतं. तुमच्या या खोक्याला नेट दोन, आणि चालत एकबी न्हाय!’’

ओटीवर हशा झाला. मीही हसलो.

आमच्या धंद्यात पिंग मारणं म्हणून एक प्रकार असतो. एका मशीनवरून दुसऱ्याला हाक द्यायची आणि ओ येते का बघायचं. कॉम्प्युटर चार वेळा हाक मारतो, मग थांबतो. मी राउटरला हाक मारली, ओ आली. बाहेरच्या जगाला मारली. चारही वेळा काही नाही. खालची वायर उपटली आणि पुन्हा मारली, लगेच ओ आली. वायर परत खोचली, पुन्हा गप्प. रोग सापडला. कॉम्प्युटरला बाहेर जायचं असलं की कुठल्या दाराने जायचं हे एका आकड्याने सांगावं लागतं, त्याला गेटवे म्हणतात. तो एकाच कार्डाला द्यायचा असतो. डबा बसवायला आलेल्या माणसांनी तो दोन्हींना देऊन ठेवला होता. कॉम्प्युटर सगळं काही खालच्या दाराने बाहेर ढकलत होता, आणि त्या दाराला पुढे वाटच नव्हती. समोर भिंतीवरचा डबा.

खालच्या कार्डाचा तेवढा आकडा पुसला असता तर काम झालं असतं. चार मिनिटांचं काम. पण त्या डब्याचे आकडे मी भरलेले नव्हते. पुसताना काही बिघडलं तर डबा माझ्या गळ्यात येणार, ही धास्ती. बसवणाऱ्या माणसाला दोनदा फोन लावला, उचलला नाही. बाहेर माणसं कुरकुरायला लागली होती. मी विचारलं, ‘‘ताई, होड्या सगळ्या वर ओढलेल्या आहेत ना?’’

‘‘सगळ्या. बंदी हाय ना.’’

‘‘बंदी दोन दिवसांत उठतेय की.’’

‘‘सरकारची उठतेय,’’ चेअरमन मध्येच म्हणाले. ‘‘आमची न्हाय. नारळी पुनवेला दर्याला नारळ, मग होडी. त्याच्या आधी कोन पान्यात जात न्हाय. तुमी भातवाले, तुमाला काय ठावं!’’

पुनवेला अजून दोन आठवडे होते. मी हिशोब केला, मधे एकदा येऊन नीट करून जाऊ. खालच्या कार्डावर राइट क्लिक केलं आणि डिसेबल म्हटलं. कार्डाचं चित्र राखाडी झालं. नेट धावायला लागलं. ओटीवरून एक जण ‘‘आलं, आलं!’’ असं ओरडला.

ताई माझ्या खांद्यामागे उभी होती. ‘‘झालं?’’

‘‘झालं,’’ मी म्हणालो.

एक चिठ्ठी लिहून चिकटवता आली असती. पण चिठ्ठी लिहायची म्हणजे काम अर्धवट ठेवलंय हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. चेअरमननी लगेच काहीतरी ऐकवलं असतं. नकाशा तर छान दिसत होता. खाडीत एका ओळीत हिरवे ठिपके, प्रत्येक होडीचा एक. बंदीच्या आधी शेवटचे आलेले. आता डब्याशी जोड तुटल्यामुळे ते तसेच राहणार होते, कुणी कुठेही गेलं तरी. हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

मला माहीत नव्हतं ते वेगळंच. बंदी उठल्यापासून पुनवेपर्यंत जे दहा-बारा दिवस मधे सापडतात, त्यात एखादी होडी जातेच. इंजिनाची ट्रायल घ्यायला म्हणून जाते, पहाटे, आवाज न करता, जाळी खाली दडवून. आणि ती गेली की तिचं नाव कुणी काढत नाही. नारळाच्या आधी पाण्यात उतरणं म्हणजे दर्याचा अपमान, आणि त्याचं फळ सगळ्या गावाला. म्हणून घरचे सांगतात, पाव्हण्यांकडे गेलाय. शेजारी म्हणतात, असंल. बाहेरच्या माणसासमोर तर शब्दही नाही. कोळीवाड्यात वाढलेल्या पोराला हे चालता येण्याआधी कळतं. मी चेअरमनचं बोलणं खरं धरून बसलो होतो.

पुनवेच्या आठ दिवस आधी मी दिवेआगरला होतो. एका घरात पाहुणे उतरले होते आणि वायफाय जात-येत होतं. मालक मागे उभा राहून दर दोन मिनिटांनी ‘‘होईल ना हो?’’ विचारत होता. दुपारपासून सुपारीच्या वाडीत वारा शिरला होता. झाडं एकाच दिशेला वाकायची, सरळ व्हायची, मग भलत्याच दिशेला वाकायची. मालक म्हणाला, ‘‘वारा फिरतोय, बरा न्हाय.’’ साडेतीनला ताईचा फोन आला.

‘‘दादा, एक इचारायचं व्हतं. नकाशावर ठिपके हलत न्हायत.’’

‘‘कुठले?’’

‘‘कुठलेच. बरोबर हाय ना?’’

त्याच क्षणी मला खालचं कार्ड आठवलं. हे मी चार वर्षं स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. नंतर आठवलं, घरी गेल्यावर आठवलं, असं मी मनाशी रचून ठेवलं होतं. पण ते फोनवरच आठवलं. राखाडी चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. ताई हुशार बाई. राइट क्लिक कर आणि एनेबल म्हण, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग ती विचारणार, हे कधीपासून बंद होतं? कार्ड चालू केलं की नेट परत बसणार, चेअरमन फोन हिसकावून घेणार, ‘‘काय इंजिनेर?’’ आणि मागे हा मालक उभा.

‘‘होड्या वर ओढलेल्या असताना ठिपके हलतील कसे, ताई?’’ मी म्हणालो. ‘‘हलले तर घाबर.’’

ती हसली, पण जरा उशिरा.

‘‘व्हय. ते बी खरं.’’

‘‘पुनवेच्या आधी येऊन जातो.’’

‘‘या,’’ ती म्हणाली, आणि फोन लगेच ठेवला नाही. एखादा माणूस दारात थांबून जावं की न जावं करतो, तशी ती थांबली. मग ठेवला.

तिने मला सांगितलं नव्हतं की तिच्या समोरच्या खुर्चीत एका तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याची, बायको येऊन बसली आहे. नवरा पहाटे नवं इंजिन बघायला म्हणून गेला होता, दोन गडी घेऊन, दुपारी जेवायला येतो सांगून. जेवणवेळ टळून गेली तरी आला नव्हता. ही वहिनी तीन वाजता ऑफिसात आली होती, ‘‘बाय, पेटीवर बघ गो जरा’’ म्हणत. ताईने होडी गेल्याचं माझ्यापासून लपवलं, मी कार्ड बंद असल्याचं तिच्यापासून. फोन ठेवल्यावर तिने नकाशा पाहिला, त्या होडीचा ठिपका खाडीत शांत हिरवा. ती वहिनीला म्हणाली, ‘‘होडी हितंच हाय वयनी, खाडीत. आला असंल. इंजिन खोलून बसला असंल तिकडं वळणावर.’’

वहिनी घरी गेली. गावाने ती संध्याकाळ नेहमीसारखी घालवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हसळ्याच्या स्टँडवर चहा पीत होतो तेव्हा कळलं. शेजारच्या गावच्या होडीला सकाळी दोन माणसं सापडली होती, जाळ्याच्या बोयांना धरून तरंगत. तिसरा, म्हणजे तांडेल, तो नाही. मी चहा तसाच ठेवला आणि मोटरसायकल काढली.

ऑफिस उघडं होतं, आत कुणी नव्हतं. सगळा वाडा जेट्टीवर. तिथला आवाज वाऱ्यावरून येत होता, रडण्याचा नाही, नुसत्या पुष्कळ माणसांचा. मी खुर्चीत बसलो. नकाशावर ओळ तशीच होती. खालच्या कार्डावर राइट क्लिक केलं. एनेबल. मागे वाकून बघितलं, खाचेतला हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि लागला.

काही सेकंद काही झालं नाही. मग खाडीतल्या ओळीतून एक ठिपका सुटला. उडी मारून बाहेर गेला, भर पाण्यात, पार नकाशाच्या कडेपर्यंत, आणि तिथे लाल झाला. भोंगा वाजला. बाजूच्या रकान्यात लाल ओळी एकाखाली एक उतरायला लागल्या. डब्याने सगळं साठवून ठेवलं होतं. एकाच होडीचा नंबर. पहिली ओळ दुपारी दोन चाळीसची, शेवटची चार दहाची. अकरा.

ताईने मला फोन केला होता साडेतीनला.

मी आधी स्पीकर बंद केला. मग ते काम केलं जे आठवड्यापूर्वी करायचं होतं. खालच्या कार्डाचा गेटवे पुसला, दोन्ही कार्डं चालू ठेवून बाहेर हाक मारली. चारही वेळा ओ आली. चार मिनिटं.  मग त्या प्रोग्रॅममध्ये ‘नोंदी पुसा’ असं एक बटण होतं, ते दाबलं. त्याने विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. डब्यातल्याही पुसल्या.

ताई आली तेव्हा पदर तोंडाला लावलेला होता. ‘‘दादा, तुमी कवा आलात?’’

‘‘आत्ताच. नेट बघायला.’’

‘‘पेटी काय बोल्लीच न्हाय, दादा. मी कालपासून हितंच व्हते.’’

‘‘रेंजच्या बाहेर गेली असेल होडी.’’

तिने मान हलवली. एवढं पुरलं. नंतर कुणीच मला काही विचारलं नाही.

वाचलेले दोघे सांगत होते की इंजिन बंद पडलं, होडी वाहत गेली, मग वारा फिरला आणि पाणी आत यायला लागलं. तांडेल पेटीपाशी बसून बटण दाबत होता. दर वेळी म्हणायचा, सोसायटीत दिसलं, आता निघतील. होडी कलंडली तेव्हा या दोघांनी बोये धरले. तो पेटीपाशीच होता. तो मिळालाच नाही.

गावाला याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. दर्याला नारळ दिला नव्हता, मग पेटी कशी चालंल? चार माणसांच्या तोंडून मी हे ऐकलं, आणि दर वेळी माझ्या पाठीवरचं ओझं कुणीतरी हलकंच उचलून दुसरीकडे ठेवतंय असं वाटलं. दुसरीकडे म्हणजे वहिनीच्या दारात. पुनवेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत निघतो, मागून आरत्या घेऊन तांडेलांच्या बायका. ती उंबऱ्यात उभी राहिली, तिला कुणी चल म्हटलं नाही. होडी आली की पहिली पाटी तिच्या हातात कुणी देईना, बोहनी बिघडते म्हणून. तिच्या बोंबील वाळवायच्या काठ्यांना लागून ज्यांच्या काठ्या होत्या, त्यांनी त्या उपटून दोन हात पलीकडे रोवल्या. शेवटी ती सुकी मासळी घेऊन तळ्याच्या बाजाराला यायला लागली. आमच्या गावात. मी तिला लांबून बघायचो आणि शाळेमागच्या वाटेने जायचो.

मी मासे खायचे सोडले. बायकोने विचारलं, ‘‘नवस बोललात काय?’’ मी हो म्हणालो.

चार वर्षं अशी गेली. सोसायटीचं काम मात्र मी सोडलं नाही. दर महिन्याला जाऊन खालचा दिवा बघायचो. ताईला वाटायचं, दादा फार काळजी घेतात.

या जुलैत प्रिंटर अडकला म्हणून गेलो. सवयीने मागे वाकलो. खालचा दिवा विझलेला. वायर नीट बसलेली होती. पडद्यावर बघितलं, कार्डाचं चित्र राखाडी.

‘‘ताई, हे कुणी केलं?’’

‘‘मीच. चार दिस झाले. नव्या कंपनीचा पोऱ्या आला, राउटर बदलून गेला, तवापासून नेट अडकत व्हतं.’’ नव्या राउटरने डब्याच्याच मालिकेतला आकडा घेतला असणार. दोन्ही कार्डं पुन्हा एकमेकांच्या वाटेत आलेली. हे मला बघताक्षणी कळलं. ती पुढे म्हणाली, ‘‘तुमाला कशाला तरास? तुमी त्या साली केलं व्हतं ना, मी मागं उभी व्हते. राइट क्लिक आनि डिसेबल. केलं, चाललं! बंदीच तर हाय. पुनवेच्या आधी तुमी येनारच.’’

ती हसत होती. तिला शाबासकी हवी होती.

हे कार्ड कधीच बंद करायचं नाही, एवढं म्हणून निघता आलं असतं. पण तिने का विचारलं असतं, आणि त्या ‘का’ला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. मी आधी कार्ड चालू केलं, आकडे दुरुस्त केले. मग प्रिंटर तसाच ठेवून खुर्ची ओढली आणि सांगितलं. फोनवर आठवलं होतं तेही. अकरा ओळी पुसल्या तेही.

ती नकाशाकडे वळली.

‘‘म्हंजी मी वयनीला सांगितलं, होडी खाडीत हाय...’’

‘‘तो जुना ठिपका होता.’’

‘‘चार वर्सं मला वाटतंय, मी नकाशा चुकीचा बघितला. दुसऱ्याच होडीचा ठिपका बघितला. झोपेत तेच दिसतं मला.’’

‘‘तू बरोबर बघितलं होतंस.’’

‘‘मला कशाला सांगताय?’’ ती एकदम उठली. ‘‘वयनीला सांगा.’’

‘‘सांगतो.’’

‘‘कवा? पुनवेच्या आधी येऊन जाता, व्हय?’’

तिने तिथल्या तिथे फोन लावला. वहिनी आली. मासळीचा वास, हाताला मीठ. चार वर्षांपूर्वीच्याच खुर्चीत बसली. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. मधे तिने एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, ‘‘किती येळा?’’

‘‘अकरा.’’

‘‘शेवटचा कवा?’’

‘‘चार दहाला.’’

तिने ताईकडे बघितलं. ‘‘मी तवा हितनं उठून घरी पोचले व्हते. भात टाकला व्हता.’’ मग माझ्याकडे वळली. ‘‘म्हंजी पेटी चालली.’’

‘‘चालली. मीच...’’

‘‘तुझं ऱ्हाऊ दे. पेटी चालली का न्हाय, तेवढं सांग.’’

‘‘चालली, वहिनी. अकराही वेळा चालली.’’

तिने तोंडावरून एकदा हात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती उठली आणि दारातून म्हणाली, ‘‘पुनवेला ये. जेट्टीवर. असंच सांग, नारळ पडायच्या आदी. पळालास तर तळ्याच्या बाजारात येऊन सांगीन मी. कुठल्या वाटेनं जातोस, ठावं हाय मला.’’

पुनवेला मी गेलो. आभाळ उतरलेलं होतं, खाडीचं पाणी मातकट. वाजंत्री थांबवायला ताईनेच सांगितलं. चेअरमनच्या हातात सोनेरी नारळ, मागे आरत्या. मी तिसऱ्यांदा सांगितलं, या वेळी ओरडून, कारण वारा होता. वाक्यं मधेच तुटत होती.

‘‘चार वर्सं तोंडात काय भात व्हता?’’ कुणीतरी मागून विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही. वाचलेल्या दोघांपैकी एक जण पुढे आला, माझी कॉलर धरली, मग सोडली आणि पाठ करून उभा राहिला.

एक म्हातारा तांडेल काठी टेकत म्हणाला, ‘‘मशीनचं मशीनला. नारळाच्या आदी गेला, तो गेला.’’

पुष्कळ माना हलल्या.  मी एवढं सांगूनही सगळं पुन्हा तिच्या दारात जाणार होतं.

वहिनी गर्दीच्या कडेला होती. हातात आरती नव्हती, काही नव्हतं. ती पुढे आली.

‘‘गेला,’’ ती म्हणाली. ‘‘चुकला माजा मानूस. मी कवा न्हाय म्हनलं? पन त्यानं हाक मारली. अकरा येळा मारली. दर्यात हाक आली तर दुश्मनाच्या बी होडीला जायचं, ह्यो रिवाज कुनाचा? का ह्यो बी नारळानंतरचाच हाय?’’

म्हाताऱ्याने काठीकडे बघितलं. चेअरमन नारळ धरून तसेच उभे. मग ती बायकांच्या रांगेकडे चालत गेली. कुणी जागा केली नाही. ताई सरकली. त्या दोघींच्या मधे फारशी जागा नव्हती, पण ती उभी राहिली, आणि तिला कुणी जा म्हटलं नाही. चेअरमननी तोवर नारळ टाकला नव्हता. मी ते बघितलं.

नारळ पडला. भरती चढत होती, त्यामुळे तो बाहेर गेला नाही. पायऱ्यांशी येऊन आपटत राहिला. दोघांनी काठीने ढकलला, तो पुन्हा आला. बायका कुजबुजल्या. मग होड्या निघाल्या, एकेक करून, कारण निघायलाच हवं होतं.

चेअरमन माझ्याजवळ आले. ‘‘उद्या पोलीस ठान्यात जायचं. मी येनार हाय बरोबर. आनि त्या खोक्याला पुन्ना हात लावायचा न्हाय.’’

‘‘नाही लावत,’’ मी म्हणालो.

हे सगळं त्याच संध्याकाळी घरी बसून लिहितो आहे. उद्या काय होईल माहीत नाही. बायकोला आत्ताच सांगितलं. पडवीतून बघितलं तर भाताची रोपं एकाच दिशेला वाकलेली होती, मग सरळ झाली, मग दुसऱ्या दिशेला. मी न राहवून ताईला फोन केला. तिने पाचव्या घंटेला उचलला.

‘‘ताई, खालचा दिवा लागलाय ना?’’

ती उठल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा. 

‘‘लागलाय,’’ ती म्हणाली. ‘‘ठिपके हलतायत. वयनी हितंच बसलीय, तीच बघतेय. आता फोन करू नका, दादा.’’